सेफ्टीचं ट्रेनिंग होऊनसुद्धा सिस्टर रिकॅपिंग का करतात

एका क्वालिटी कोऑर्डिनेटर मॅडमचा प्रश्न आहे. त्यांच्या हॉस्पिटलमध्ये दर तीन महिन्यांनी पेशंट सेफ्टीचं ट्रेनिंग होतं. मध्यंतरी सगळ्या सिस्टरांकडून सेफ्टीबद्दल काय वाटतं याचा फॉर्म भरून घेतला, त्यात जवळजवळ सगळ्यांनी सेफ्टी सगळ्यात महत्त्वाची असं लिहून दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी मॅडम राउंडला गेल्या तर वापरलेल्या सुईला परत टोपण लावणं, म्हणजे रिकॅपिंग, चालू, हात न धुता एका पेशंटवरून दुसऱ्यावर जाणं चालू, आणि चूक झाली किंवा होता होता वाचली तर भरायच्या इन्सिडंट रिपोर्टची फाइल वर्षभर कोरी. मॅडम विचारतात, यांचा ॲटिट्यूडच खराब आहे का, आणि तो बदलायचा कसा.

मी २७ वर्षं सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये काढली. आधी स्टाफ नर्स, ज्याला आता कागदावर अधिपरिचारिका म्हणतात, मग वॉर्ड इन्चार्ज, आणि शेवटची काही वर्षं इन्फेक्शन कंट्रोलला. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. त्या फॉर्मवर कोणी खोटं लिहिलेलं नाही. विचारलं तर आजही प्रत्येक सिस्टर तेच सांगेल आणि मनापासून सांगेल. पण ॲटिट्यूड म्हणजे ड्युटी करता करता हाताला लागलेली सवय असते, आणि ती सवय वॉर्ड लावतो. रोजच्या रोज, कशाला वेळ मिळतो, कशावरून ओरडा बसतो आणि कशाबद्दल कोणी काहीच बोलत नाही, यातून लागते. ट्रेनिंग तीन महिन्यांतून एक तास, वॉर्ड रोज सहा तास आणि नाईटला बारा तास. कोण जास्त शिकवणार?

आता हे तोंडाने बोलणं सोपं आहे म्हणून हिशोब करून दाखवते. मेडिसिनचा वॉर्ड, मंजूर बेड ४०, युनिटची इमर्जन्सी असलेली, म्हणजे तातडीचे पेशंट त्याच युनिटकडे येण्याची रात्र, म्हणून पेशंट ५८, म्हणजे १८ जण फ्लोअर बेडवर, दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून. नाईटला सिस्टर दोन. रात्री दहाची इंजेक्शनं धरा ४५ पेशंटना, माणशी दोन, म्हणजे ९०. आता नियमाप्रमाणे एक इंजेक्शन बघा. हँडरब, म्हणजे अल्कोहोलचं द्रावण हातांना चोळणं, २० ते ३० सेकंद, पेशंटला नाव विचारायचं, केसपेपरशी जुळवायचं, औषध, डोस, एक्स्पायरी बघायची, पाणी घालून विरघळवायचं, इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, चालू आहे का बघायचं, मग सावकाश द्यायचं. नुसतं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेतून द्यायला दोन ते चार मिनिटं लागायला पाहिजेत. मग फ्लश, म्हणजे ती नळी धुवून घ्यायची, मग लिहायचं, मग परत हात. सगळं मिळून अगदी घाईत तीन मिनिटं धरली तरी ९० इंजेक्शनांचे २७० मिनिटं, साडेचार तास. दोघींनी वाटून घेतलं तर सव्वादोन तास, पण दोघी कधीच नसतात, कारण एक जण दारात आलेल्या ॲडमिशनला लागलेली असते, आणि आयसीयूमधून पेशंट खाली येतो, आणि कोणीतरी गेलं तर बॉडी पॅक करायची असते, नातेवाईकांना सांभाळायचं असतं. प्रत्यक्षात ती इंजेक्शनं तासाभरात संपतात. संपवावीच लागतात.

मग साडेचार तासांचं काम तासात बसवायचं तर काय गळणार? पहिल्यांदा हँडरब गळतो. मग नाव विचारणं गळतं, कारण बेड नंबर माहीत असतो. मग सावकाश देणं. मग फ्लश. लिहिणं मात्र गळत नाही, ते सकाळी पाच वाजता एका दमात सगळ्या केसपेपरवर होतं, कारण सकाळी विचारणारे कागद बघूनच विचारतात. आणि खरी गोष्ट पुढे आहे. एवढं सगळं गाळून सकाळी काहीच होत नाही. पेशंट उठून चहा पितो, घरी जातो. दुसऱ्या रात्रीही काही होत नाही. नवीन मुलगी ड्युटीला आली की पहिले पंधरा दिवस ती सगळं नियमाने करायला बघते, बाराची इंजेक्शनं दोनला देते, सिनियर म्हणते अगं अशाने कधी होणार तुझं, डॉक्टर म्हणतात अजून अँटिबायोटिक गेलं नाही का, आणि सहा महिन्यांनी ती पण तासाभरात उरकते आणि आपण काही गाळतोय हेच तिला दिसत नाही. मला या गोष्टीची सगळ्यात जास्त भीती वाटते. आज नाइलाजाने गाळलं हे ज्या सिस्टरला ठाऊक आहे ती सिस्टर सुरक्षित आहे, ती गंभीर पेशंटपाशी तरी थांबते. जिला गाळलेलंच आठवत नाही ती थांबत नाही.

पेशंटची संख्या आणि मरण यांचा संबंध मोजलेला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये छापला. सर्जरीचे पेशंट होते. नर्समागे एक पेशंट वाढला की महिनाभरात मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. आणि तिथे नर्समागे चार पेशंट होते की आठ, यावर चर्चा होती. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे की टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक, इतर हॉस्पिटलला पाचमागे एक, वर ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवर जाणाऱ्यांच्या जागी जादा सिस्टर. २७ वर्षांत जनरल वॉर्डला हे प्रमाण मी एका शिफ्टलाही पाहिलं नाही. लीव्ह रिझर्व्ह म्हणजे काय हे तर नवीन मुलींना समजावून सांगावं लागतं. एक बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिचा भार उरलेल्या सगळ्यांच्या डोक्यावर, एवढंच त्यांना माहीत.

पण मॅडम, माणसं कमी हे एवढंच कारण सांगून मी उत्तर संपवणार नाही, कारण पदं भरणं तुमच्या हातात नाही आणि इन्चार्जच्याही नाही. भार दुसऱ्या गोष्टींचाही असतो आणि त्यातल्या काही हलवता येतात.

मध्येच हाका मारणं हे त्यातलं एक. सिस्टर सलाईन संपलं, सिस्टर फोन आलाय, सिस्टर बेडपॅन, सिस्टर सही. माझी स्वतःची गोष्ट सांगते, ही मी बरीच वर्षं कोणाला सांगितली नव्हती. संध्याकाळची ड्युटी, माझी नोकरी तेव्हा आठ वर्षांची, म्हणजे नवखी नव्हते. ट्रेमध्ये पँटोप्रॅझोलची व्हायल, शेजारी डिस्टिल्ड वॉटर. तेवढ्यात लॅबचा फोन आला की २२ नंबरचं सॅम्पल क्लॉट झालंय परत पाठवा, मी ट्रे तसाच ठेवून फोनवर बोलले, परत आले, तर एका नातेवाईकाने सलाईनची बाटली संपली म्हणून हात धरला, ती बदलली, परत आले आणि ट्रेमधली दहा एमएलची अँप्युल फोडून सिरिंजमध्ये ओढली. शेजारी जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, सेकंड इयरची विद्यार्थिनी उभी होती, ती अगदी हळू म्हणाली, सिस्टर, हे डिस्टिल्ड वॉटरच आहे ना? ते पोटॅशियम क्लोराइड होतं. बाराव्या बेडच्या सलाईनमध्ये घालायचं म्हणून कोणीतरी त्याच ट्रेमध्ये आणून ठेवलेलं. दहा एमएल पोटॅशियम न मिसळता शिरेत गेलं असतं तर तो माणूस जागेवर गेला असता, हृदय थांबतं. पेशंट पस्तिशीतला होता, बायको डबा उघडून बसली होती.

मी सिरिंज सिंकमध्ये रिकामी केली, दुसरी भरली आणि राउंड पुरा केला. त्या मुलीला शाबास म्हणायचंसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं. इन्चार्जना सांगितलं नाही. कारण त्याच महिन्यात शेजारच्या वॉर्डात एका सिस्टरला रक्ताची बाटली उशिरा लावली म्हणून मेमो मिळाला होता, लेखी खुलासा, मॅट्रनसमोर उभं राहणं, सगळं. मला वाटलं माझ्या सर्व्हिस बुकात हे कशाला. आणि मी गप्प बसले त्यामुळे तो ट्रे पुढची कित्येक वर्षं तसाच राहिला, पोटॅशियम आणि पाणी शेजारी शेजारी. इन्चार्ज झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पोटॅशियम ट्रॉलीवरून काढून कपाटात कुलपात ठेवलं, लाल चिकटपट्टी लावून, आणि ते काढताना दुसरीने बघायचं असं ठरवलं. दहा रुपयांचं काम होतं. ते आठ-दहा वर्षं आधी व्हायला पाहिजे होतं.

फोन आणि हाकांवर सिडनीच्या दोन हॉस्पिटलांत जोहाना वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी मोजदाद केली होती, २०१० मध्ये छापली. ९८ नर्सेस, ४२७१ वेळा औषध देणं शेजारी उभं राहून पाहिलं. निम्म्याहून जास्त वेळा मध्येच कोणीतरी अडवलेलं होतं, आणि प्रत्येक अडवणुकीमागे चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होत्या. मी हे वाचलं तेव्हा मला तो लॅबचा फोन आठवला. तोपर्यंत मी ती चूक माझ्या वेंधळेपणाची समजत होते.

आता मेमोबद्दल. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या सिव्हिलच्या आयसीयूला आग लागून ११ पेशंट गेले. भंडाऱ्यात ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत कंत्राटी सिस्टरांची सेवा समाप्त झाली, नगरला अटक झालेल्यांत स्टाफ नर्स होत्या. कोणाची किती चूक हे ठरवायला कोर्ट आहे, त्यात मी पडत नाही, आणि त्या आईबापांचं दुःख सगळ्याच्या वर आहे. मी एवढंच सांगते की त्या दोन बातम्यांनंतर आमच्या ड्युटी रूममध्ये काय बोलणं झालं. वायरिंग कोण तपासणार, स्प्रिंकलर आहे का, रात्री एकटी असले तर इतकी बाळं कशी उचलू, हे थोडं बोलून झालं आणि मग सगळ्या जणी एका गोष्टीवर आल्या, की बाई आपला कागद पूर्ण ठेव. दर तासाला एंट्री टाक. इंजिनिअरिंगला पत्र दिल्याची पोच जपून ठेव. म्हणजे सेफ्टी या शब्दाचा अर्थच बदलला. पेशंटला काही होऊ नये याच्या जागी मला काही होऊ नये हा अर्थ आला. असं म्हणणाऱ्या सिस्टरला दोष देता येत नाही, तिला घर आहे, होमलोनचा हप्ता आहे. पण एकदा का हा अर्थ बसला की फाइल कोरी राहणार.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात अशीच गोष्ट सापडली होती. त्यांना वाटलं चांगल्या टीममध्ये औषधाच्या चुका कमी असतील, निघालं उलटं, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. कारण तिथे माणसं बोलत होती. म्हणून मॅडम, कोरी फाइल बघून तुम्हाला राग आला ते बरोबर आहे, पण सिस्टरांचा राग येण्याआधी मागच्या वेळी जिने रिपोर्ट भरला तिचं पुढे काय झालं हे शोधून काढा. बहुतेक तिथेच उत्तर सापडेल.

रिकॅपिंगवर येते, कारण प्रश्न तिथून निघाला. सुईला टोपण लावायचं नाही हे प्रत्येकीला पाठ आहे. वापरलेली सुई टोचली आणि ती पॉझिटिव्ह पेशंटची असली तर लागण होण्याची शक्यता हिपॅटायटिस बी ची लस न घेतलेल्याला ३० टक्क्यांपर्यंत, सी ची साधारण ३ टक्क्यांपर्यंत, एचआयव्हीची ०.३ टक्के, हेही पाठ आहे. मग का लावतात? मी इन्फेक्शन कंट्रोलला आले तेव्हा एका वॉर्डात ओरडण्याऐवजी एका स्टाफच्या मागे मागे फिरले. नीडल कटर कुठे तर नर्सिंग स्टेशनवर, एकच. ३८ नंबरचा बेड कुठे तर वऱ्हांड्याच्या टोकाला. मी पावलं मोजली, जायला ६२. तिच्या किडनी ट्रेमध्ये पाच उघड्या सुया, वाटेत फ्लोअर बेड, त्यावरून पाय टाकत जायचं, कोणाचं तरी लहान पोर पायात येणार. तिने टोपण लावलं ते स्वतःला आणि त्या पोराला वाचवायला लावलं. माझ्या ट्रेनिंगमध्ये तिच्या त्या ६२ पावलांबद्दल एक शब्द नव्हता. आम्ही कटर ट्रॉलीलाच बांधला, कापलेल्या सुयांचा पांढरा डबा खालच्या कप्प्यात, आणि ट्रॉली बेडपर्यंत जाईल इतकी वाट मोकळी ठेवायची असं वॉर्डबॉय मामांना सांगितलं. त्यानंतर त्या वॉर्डात मला त्या विषयावर परत लेक्चर द्यावं लागलं नाही. हातमोज्यांचंही तेच. सप्लायला साडेसात नंबरचे येतात, मुलींचे हात सहा-साडेसहाचे, बोटांच्या टोकाशी रबर लोंबतं आणि शीर लागत नाही, मग त्या मोजा काढून शीर शोधतात. इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, करताना साइज लिहा, सहीच्या आधी बघा.

सुई टोचल्यावरचंही सांगते. पीईपीचं, म्हणजे टोचल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायचं, औषध शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजे, ७२ तासांच्या पुढे उपयोग नाही, आणि २८ दिवस घ्यायचं असतं. रात्री दोन वाजता टोचलं तर ती सिस्टर कॅज्युअल्टीत जाऊन रिपोर्ट कधी करणार, वॉर्ड कोणावर सोडणार? ती हात धुते, स्पिरिट लावते आणि कामाला लागते, सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवताना, सांगते, किंवा सांगतच नाही. मी कितीतरी मुली अशा पाहिल्या, त्यांतल्या एकीच्या हिपॅटायटिस बी च्या लसीचा तिसरा डोस राहिलेला होता, सहा महिन्यांचा, कारण त्या दिवशी डबल ड्युटी लागली होती. स्वतःच्या जिवाची जिथे अशी किंमत होते, तिथे दुसऱ्याच्या जिवाबद्दल बाई सावध कशी राहील? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या पेशंट सेफ्टी डेला, १७ सप्टेंबरला, विषयच आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचा ठेवला होता. तो योग्य होता.

लांब ड्युटीबद्दल थोडक्यात. साडेबारा तासांच्या वर ड्युटी गेली की चुकांची शक्यता साधारण तिप्पट होते, असं अमेरिकेतल्या नर्सेसच्या नोंदींवरून ॲन रॉजर्स यांनी २००४ मध्ये दाखवलं. आपली नाईट बारा तासांची, त्यात सकाळची सिस्टर एसटीने येते, उशीर झाला की तेरा. घरी गेल्यावर डबे, पोरांची शाळा, सासूबाईंचं बीपीचं औषध. कंत्राटी असेल तर तिला नाही म्हणायचीच सोय नाही, अकरा महिन्यांनी परत ऑर्डर निघेल की नाही ही धास्ती. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सिस्टर संपावर गेल्या होत्या त्यात बाहेरच्या एजन्सीकडून भरतीला विरोध ही मोठी मागणी होती. लोकांना ती पगाराची मागणी वाटली. माझ्या दृष्टीने ती सेफ्टीची पण होती, कारण उद्याची खात्री नसलेली बाई डॉक्टरांना, सर हा डोस जास्त वाटतोय, असं म्हणत नाही.

आणि मॅडम, एक गोष्ट तुमच्याच खात्यातली, राग मानू नका. हॉस्पिटलच्या क्वालिटीचं ॲसेसमेंट जवळ आलं की फॉर्म वाढतात. पेशंट पडण्याच्या धोक्याचा फॉल रिस्क स्कोअर, पडून राहून होणाऱ्या जखमांचा प्रेशर सोअर स्कोअर, दुखण्याचा पेन स्कोअर, दर शिफ्टला, दर पेशंटला. ते सगळे स्कोअर एरवी चांगले आहेत, पाच पेशंट असतील तर मी स्वतः आनंदाने करेन. तीस पेशंटवर ते ड्युटी संपताना टेबलावर बसून, पेशंटकडे न बघता भरले जातात, सगळ्यांना एकच आकडा. तुम्ही ती फाइल बघून समाधानाने सही करता, आणि सिस्टर शिकते की खोटं लिहिलं तरी चालतं, कोरं ठेवलेलं चालत नाही. हे शिकवणं तुमच्या तिमाही ट्रेनिंगपेक्षा फार पक्कं होतं.

तर करायचं काय. तो ॲटिट्यूडचा फॉर्म परत भरून घेऊ नका. त्याऐवजी एक साधा प्रश्न विचारा, आज ड्युटीत काय करायचं राहून गेलं? मी इन्चार्ज असताना ट्रॉलीला दोऱ्याने एक वही बांधली होती, नाव लिहायचं नाही, कारण सांगायचं असेल तर सांगा. तीन आठवडे कोरी होती. मग पहिली नोंद आली, बेड १४, रात्री दोनचं टेम्परेचर घेतलं नाही, बेड ३१ चा पेशंट गेला, त्याच्या आईपाशी बसले होते. मी काही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात दोन पानं भरली, आणि त्यातून कळलं की निम्म्या गोष्टी रात्री दहा ते बारामध्येच राहतात. मग आम्ही युनिटच्या सरांशी बोलून ज्यांना चालतं त्यांची अँटिबायोटिक्स संध्याकाळी आठला आणि सकाळी आठला घेतली, म्हणजे ओव्हर देणारी आणि घेणारी दोघीही हजर असताना. दहाचा ढिगारा अर्ध्यावर आला. त्यासाठी एकही नवीन पद लागलं नाही, सरांची दहा मिनिटं लागली. इंजेक्शनच्या राउंडला फोन उचलायला एक माणूस वेगळा ठेवला, मावशी असली तरी चालते, नंबर लिहून घ्यायचा आणि नंतर सांगायचं.

रिपोर्ट भरणाऱ्या सिस्टरला आठ दिवसांच्या आत उत्तर गेलं पाहिजे, काय बदललं ते. काही बदललं नसेल तर तसंही सांगा. आणि चूक होता होता वाचली असं कोणी सांगितलं तर सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन आभार माना, पण तिला आधी विचारून.

हे सगळं करायच्या आधी एक नाईट करा मॅडम, इमर्जन्सीच्या दिवसाची, रात्री आठला ओव्हर घेण्यापासून सकाळी ओव्हर देईपर्यंत. चेकलिस्ट नेऊ नका, नाहीतर त्या रात्री सगळं नियमाने दिसेल आणि इंजेक्शनं पहाटेपर्यंत चालतील. नुसती ट्रॉली ढकला, सलाईन संपलेल्या बाटल्या बदला, नातेवाईकांशी तुम्ही बोला. दीड-दोनच्या सुमारास जरा शांत होतं, तेव्हा त्या मुली चहा करतात. तेव्हा विचारा.